तांबडीचं कोकरू आणि एक ग्रीक शब्द

आमच्या घरात एक वाद पुष्कळ वर्षं मिटायचा राहिला होता. बांधाचा नव्हे, भावकीचा नव्हे. एका ग्रीक शब्दाचा.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा' असं कळवलं तेव्हा पहिल्यांदा मला तो वादच आठवला. मी गुरांचा डॉक्टर. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच माझी नोकरी झाली. मेढ्याच्या डोंगरात म्हशी पाहिल्या, फलटणच्या उसात बैल पाहिले आणि शेवटी आटपाडीच्या माळावर मेंढरं पाहिली. कुठून कुठे बदली झाली, वरिष्ठ कोण होते, हे काही सांगत बसत नाही. ते वाचायला मलाच कंटाळा येईल. आमचा पेशंट बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पेशंटचा मालक फार बोलतो, हे फक्त आम्हाला माहीत असतं. या धंद्यात निम्मं निदान हातानं होतं आणि निम्मं मालकाच्या बोलण्यातलं काय सोडून द्यायचं ते कळल्यामुळे होतं.

माझी पत्नी सुधा हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. शब्द कुठून आला, कसा आला, याचं तिला वेड होतं. शेजारणी आपल्या नवऱ्यांना येताना मेथी आणायला सांगत, ही मला म्हणायची, "येताना दवाखान्यातला एक शब्द आणा." वैद्यकातले बरेचसे शब्द ग्रीक नाहीतर लॅटिन. आम्ही कॉलेजात ते घोकून पाठ केले, त्यांचा अर्थ काय हे कुणी विचारलं नाही. सुधा विचारायची. मग चहा घेता घेता आम्ही जाडजूड कोश उघडून बसायचो. लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याचं नाव 'बारा बोटं' अशा अर्थाचं आहे, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "ही बोटं माणसाची ना? मग बैलाच्या आतड्याला हे नाव देणं हा अन्याय आहे." मी म्हणालो, "बैलाची तक्रार आलेली नाही."

ती गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी सावकाश लिहितो. एक वाक्य झालं की वाचून दाखवायची सवय होती. आता ते मीच मला वाचून दाखवतो, आणि मी काही फार चांगला श्रोता नाही.

या शब्दांच्या नादाचा एक किस्सा मेढ्याकडचा आहे. तिथल्या एका गावात फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांच्या गोठ्यातली शिस्त पाहून मी बूट पुसून आत जात असे. म्हैस आजारी पडली की ते ताठ उभे राहून हिंदीत अहवाल देत, "पेशंट हाजिर है. चारा बंद. रवंथ चालू. मिजाज गरम." एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली त्यांच्या म्हशीचं शेपूट सापडलं. शेपटाच्या मणक्यांना आमच्या भाषेत जो शब्द आहे, तो ग्रीकांच्या कोकिळेवरून आला आहे. माणसाच्या पाठीचं अगदी शेवटचं हाड त्यांना कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं, म्हणून हे नाव. पट्टी बांधता बांधता मी हे सुभेदारांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला गावात शिरलो तर पारावरचा एक म्हातारा विचारतो, "डाक्टर, सुबेदाराच्या म्हशीनं कोकिळा गिळली म्हनं. निघाली का?" मी गोठ्यात जाऊन सुभेदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, रिपोर्ट मी बरोबर दिला होता. पुढच्या ठाण्यावर बिघडला."

आता तो वादाचा शब्द. पोटातल्या पिल्लाभोवती एक पातळ, पारदर्शक पिशवी असते. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात पिल्लू तरंगत असतं. आपल्याकडे जनावर व्यायचं झालं की 'पानमोट दिसायला लागली' म्हणतात, त्यातलाच तो आतला पडदा. त्याला वैद्यकात 'ॲम्निऑन' म्हणतात. हा शब्द ग्रीकांचा आणि फार जुना. पण तो मुळात कशाचा, यावर पंडितांचं एकमत नाही. ग्रीकांच्या अगदी जुन्या काव्यात हाच शब्द वाडग्यासाठी येतो. देवापुढे बळी देताना रक्त झेलायला खाली धरायचं ते वाडगं. दुसरा पक्ष म्हणतो, ग्रीक भाषेत कोकराला जो शब्द आहे त्यावरूनच हा आला. पडदा पहिल्यांदा पाहिला तो मेंढीच्या पोटात, म्हणून 'कोकराचा'.

मी वाडग्याच्या बाजूचा. जुना पुरावा वाडग्याचा आहे आणि मी पुरावा पाहणारा माणूस. सुधा कोकराच्या बाजूची. "पुरावा लिहिणाऱ्यांचा असतो," ती म्हणायची, "मेंढ्या राखणाऱ्यांनी कुठं काय लिहून ठेवलंय?" मग ती नेहमीचं एक वाक्य जोडायची, "तुम्ही मला एकदा तो पडदा दाखवा, मग मी ठरवते." मी म्हणायचो, "घाण वास असतो. साडी खराब होईल." असं म्हणत म्हणत नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. याची मला थोडी चुटपुट आहे. माझ्या कामाचे शब्द मी घरी नेले, पण तिला कामावर कधी नेलं नाही. शेवटी नेलं तेही ठरवून नव्हे.

त्या दिवशी आम्ही म्हसवडकडे एका लग्नाला निघालो होतो. सुधानं ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली होती. दुपारचा मुहूर्त गाठायचा म्हणून लवकर निघालो. आटपाडी सोडली आणि धुळाप्पाचा फोन आला.

धुळाप्पा हा माझ्या दवाखान्याच्या हद्दीतला मेंढपाळ. पन्नाशीचा, उंच, मोठ्या आवाजाचा. कानाला फोन लावला तरी माळावर हाक मारल्यासारखाच बोलायचा. त्याची बायको मायाक्का अंगानं लहानखुरी, पण कळपातली मेंढरं आणि धुळाप्पा दोघंही तिच्या शब्दाबाहेर नव्हती. त्या दिवसांत त्यांचा वाडा, म्हणजे जाळी लावून केलेला मेंढरांचा मुक्काम, रस्त्याकडेच्याच एका रानात बसला होता. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी असा कळप बसवून घेतात.

"डाक्टर, तांबडी अडलीया," धुळाप्पा ओरडला. "सकाळधरनं कळा देतीया. मायाक्का रडतीया."

मागून मायाक्काचा आवाज आला, "कोन रडतंय? सरळ सांगा की, या म्हनून!"

तांबडी मला माहीत होती. माडग्याळी जातीची, उंच, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. ती कळपातली नव्हती. मायाक्काच्या माहेरची होती. मायाक्काच्या आईनं ती हातानं चारून वाढवली होती. आई गेल्यावर बाराव्याला भावानं विचारलं, "आक्का, आईचं काय नेतीस?" मायाक्कानं दागिना मागितला नाही, भांडं मागितलं नाही. तांबडीच्या गळ्यात दोरी घातली आणि चालत घेऊन आली. पण तांबडीचं नशीब धड नव्हतं. पहिलं कोकरू पोटातच मेलं. दुसरं जिवंत जन्मलं, पण तिनं त्याला जवळ घेतलं नाही, दुसऱ्या मेंढीचं दूध त्याला मानवलं नाही, आणि तेही गेलं. धुळाप्पानं मग एकदाचं सांगून टाकलं होतं, "आता तिसरी बारी. ह्या बारीला कोकरू तिच्या कासंला लागलं तर ठीक. न्हाईतर शनवारी टेंपोत घालनार." आटपाडीला शनिवारी मेंढरांचा बाजार भरतो. रिकामी मेंढी तिथून कुठे जाते, ते सांगायला नको.

मी गाडी वळवली. सुधाकडे पाहिलं. ती म्हणाली, "लग्न त्यांचं आहे. आपल्यावाचून लागेल."

रानात पोचलो तर तांबडी जमिनीला टेकून पडली होती. मी हात घालून तपासलं. कोकरू मोठं होतं आणि त्याचं डोकं मागे वळलेलं. हाताला नुसती मान लागत होती, तोंड सापडत नव्हतं. पुष्कळ प्रयत्न केला. अशा वेळी ओढाताण करत राहिलं तर दोघंही जातात. मी म्हणालो, "पोट उघडावं लागेल."

धुळाप्पानं टोपी काढून डोकं खाजवलं. "जगंल का पर?"

"कोकरू हलतंय अजून."

मायाक्का म्हणाली, "मंग इच्यारता काय? धरा पाय."

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेंढीला उजव्या कुशीवर निजवायचं, डावीकडची लोकर काढायची, जागा बधिर करायची आणि कापायचं. ती जागी असते, बघत असते, मधूनच रवंथ करायलाही बघते. भीती तिला नसते, ती पाय धरणाऱ्याला असते. धुळाप्पानं डोळे घट्ट मिटून मागचे पाय धरले होते आणि बिरोबाचं नाव घेत होता. मायाक्कानं डोकं मांडीवर घेतलं होतं. सुधा बांधावर बसलेली मी पाहिली, मग मी पाहायचं सोडलं.

कोकरू बाहेर काढलं तेव्हा ते लिबलिबीत आणि गप्प होतं. नाकपुड्यांतला चिकटा काढला, छाती चोळली, मागच्या पायांना धरून एक झोका दिला. ते शिंकलं आणि ओरडलं. मी ते धुळाप्पाच्या हातात दिलं आणि म्हणालो, "तिच्या तोंडापाशी ठेव." हा माझा नेहमीचा क्रम. आधी कोकरू आईच्या नाकाशी, मग टाके. कारण पोट फाडून सुटका झालेल्या मेंढीला आपण व्यालो हे धड कळतच नाही. तिला ते कळतं कोकराच्या अंगावरच्या त्या ओल्या वासानं. तेवढा वास हीच तिची खूण.

मी टाके घालायला खाली वाकलो. माझ्या डोक्यावरून धुळाप्पाची आरोळी गेली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि पाठोपाठ माझ्या मानेवर हळद पडली.

टेंपोची भाषा करणारा हा माणूस कोकरू जिवंत पाहून इतका हरखला होता की त्यानं कमरेची पिशवी सोडून भंडारा उधळला. उधळला म्हणजे ओंजळभर कोकरावरच ओतला. मग आपल्या धोतराच्या सोग्यानं ते चांगलं कोरडं पुसलं आणि कपाळावर पुन्हा एक बोट ओढलं. धनगराच्या घरी देवाचा प्रसाद पहिल्यांदा कुणाच्या अंगावर पडायचा? जे वाचलं त्याच्याच. त्याचं काही चुकलं असं त्याला वाटायचं कारणच नव्हतं.

मी शेवटचा टाका घालून उठलो तोवर पिवळंधमक कोकरू थरथरत उभं राहिलं होतं. तांबडीलाही उभी केली. तिनं मान लांब करून त्याला हुंगलं, सणसणीत शिंकली, दोन पावलं मागे सरली आणि डोक्यानं त्याला उडवून लावलं.

मग मायाक्का बोलली.

"काय केलं वं हे? आवं, वल्ल्या कोकरावर भंडारा? डोस्कं हाय का खोकं?"

"देवाचा भंडारा हाय," धुळाप्पा पुटपुटला. "त्यानं काय वंगाळ हुतंय?"

"देवाला चालतुया. तिला न्हाई चालत! तिला काय ठावं देव?"

"मी काय मुद्दाम..."

"पुसलं बी! तुमच्या धोतराचा वास कुनाला सोसंल? मलाच सोसत न्हाई, मेंढीचं काय घिऊन बसलाय."

सुधानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती. पण मायाक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि धुळाप्पाचं तोंड एवढंसं झालं होतं. बाजाराचं त्याच्याच तोंडून गेलं होतं आणि आता त्याच्याच हातानं घडलं होतं.

कोकरू पुन्हा तिच्याकडे गेलं. पुन्हा उडालं. मायाक्कानं ओल्या फडक्यानं भंडारा पुसला, तर उरलासुरला वासही गेला. पोटातलं पाणी जे बाहेर आलं होतं ते काळ्या रानानं पिऊन टाकलं होतं. माझ्या ॲप्रनला थोडं होतं, पण त्यावर आयोडीन सांडलं होतं. मी उभा राहून विचार केला. हातातून गेलेलं आता कुठून आणायचं?

मग लक्षात आलं, सगळं गेलेलं नाही. व्याल्यावर मागाहून पडते ती वार अजून पडायची होती. टाके घालताना मी ती ओढून काढली नव्हती; घट्ट असली की ओढू नये, आपोआप पडू द्यावी. तिच्याबरोबर त्या आतल्या पडद्याच्या चिंध्या येणार होत्या आणि त्यांना तोच वास असणार होता.

मी मायाक्काला म्हणालो, "वार पडेपर्यंत थांबायचं. पडली की ती कोकराला चोळायची."

तिनं लगेच मान हलवली. "आमची आई करायची तसं. दुसरीचं कोकरू लावायचं आसलं तर. सोत्ताच्याच कोकराला लावायची पाळी आजच आली." आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो आणखी दोन हात लांब जाऊन बसला.

तोवर तांबडीचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पिळून कोकराला बाटलीनं पाजला. पण बाटलीवर जगवायचं म्हणजे तांबडी रिकामीच. शनिवार दूर नव्हता. वार चटकन पडते तशी वेळही लावते, आणि फार वेळ गेला तर वास असूनही मेंढीचं मन बंद होतं. आम्ही चौघं तांबडीच्या मागच्या बाजूकडे टक लावून बसलो. पाचवा होता कळपाचा कुत्रा वाघ्या. वार हे त्याचं हक्काचं जेवण. तो आमच्यापेक्षा एकाग्र बसला होता.

"धुळाप्पा, कुत्रं बांध," मी म्हणालो.

"बसतंय की गुमान. हालत बी न्हाई."

बसल्या बसल्या सुधानं खटला उभा केला. "धुळाप्पा, एक सांगा. या पडद्याला ग्रीक लोकांनी एक नाव ठेवलंय."

"गिरीक म्हंजे? कर्नाटकाच्या पलीकडं?"

"लांब. समुद्रापलीकडं."

"त्येंच्यात मेंढरं हायत व्हय?"

"डोंगरच्या डोंगर भरून."

"मंग आमचंच भाऊबंद की वं," धुळाप्पा एकदम सरसावून बसला. "काय म्हंत्यात?"

सुधानं दोन्ही बाजू मांडल्या. माझी बाजूसुद्धा तिनं प्रामाणिकपणे मांडली, माझ्यापेक्षा चांगली. रक्त झेलायचं वाडगं, की कोकरू? धुळाप्पानं न्यायाधीशासारखा विचार केला.

"मी डाक्टरांकडं," तो म्हणाला. "जत्रंत बकरं पडतं तवा आमी बी खाली परात धरतुया. त्या परातीला मान आस्तुया. नाव मानाच्या वस्तूवरनंच ठिवत्यात."

मी सुधाकडे विजयानं पाहिलं.

"तुमाला पडल्यालंच दिसायचं," मायाक्का कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "हुबं ऱ्हायल्यालं कवा दिसलंय? मी म्याडमकडं."

"दोन-दोन," सुधा म्हणाली. "निकाल राखून ठेवला."

तेवढ्यात तांबडीनं पाठ कमानीसारखी केली, कळ दिली, आणि वार पडली. मी उठेपर्यंत वाघ्या उठला होता. धुळाप्पा "हाड! हाड!" करत काठी शोधायला लागला, काठी त्याच्याच हातात होती. वाघ्यानं वार तोंडात धरली आणि दुसऱ्या टोकाला, मी अजूनही डोळ्यांपुढे आणतो, सुधानं धरली. दोन्ही हातांनी. मोतिया साडीत. हायस्कुलातल्या वांड पोरांवर टाकायची तो आवाज तिनं काढला, "सोड म्हणते ना!" वाघ्या शाळेत गेलेला नव्हता, पण त्यानं सोडली.

तिनं कुणाला विचारलं नाही. तशीच गुडघ्यावर बसली आणि ओल्या पडद्यानं कोकराला चोळायला लागली. पाठ, मान, डोकं, शेपटाखाली. मायाक्का दुसऱ्या बाजूनं चोळत होती. पिवळं कोकरू पुन्हा ओलं, चिकट आणि तांबूस झालं. मी फक्त एवढंच म्हणालो, "शेपटाकडं जास्त. ती तिथं हुंगते." तिघांनी मिळून कोकरू तांबडीच्या नाकाखाली सरकवलं आणि मागे सरलो.

तांबडीनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मायाक्कानं माझ्या बायकोचा हात घट्ट धरला होता. मग तांबडीच्या गळ्यातून एक आवाज आला. खोल, घुमणारा, तोंड न उघडता काढलेला. मेंढी एरवी असा आवाज काढत नाही. फक्त नुकत्या जन्मलेल्या आपल्या पिल्लाशी बोलताना काढते. माझ्या सगळ्या नोकरीत मला या आवाजाइतकं काही आवडलं नाही. तिनं जीभ काढली आणि चाटायला लागली. कोकरू धडपडत मागे गेलं, चुकीच्या पायापाशी शोधलं, मग कास सापडली. शेपूट हलायला लागलं.

मायाक्का धुळाप्पाला म्हणाली, "आता शनवारी टेंपोत तुमी बसा."

"बसतो की," धुळाप्पा नाक पुसत म्हणाला. त्याचा हात पुन्हा कमरेच्या पिशवीकडे गेला आणि आम्ही बाकीचे तिघं एकदम ओरडलो.

लग्नाला आम्ही शेवटच्या पंगतीला पोचलो. हात धुतले होते, पण तो वास साबणानं जात नाही. माझ्या मानेवर हळद होती, सुधाच्या साडीवर काय होतं ते विचारू नका. आमच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. सुधा सावकाश, आनंदात जिलबी खात होती. म्हणाली, "इतकी ऐसपैस जागा लग्नात कधी मिळाली नव्हती." मग जरा वेळानं, "पडदा पाहिला हं मी. ठरवलं माझं. कोकरूच."

"एक साक्षीदार वाडग्याचाही आहे," मी म्हणालो.

"तो भंडाऱ्यानं बाद."

मी ऐकलं नाही. वाद जिवंत राहिला, आणि खरं सांगायचं तर मला तो मिटवायचाही नव्हता.

काही दिवसांनी धुळाप्पाचा फोन आला. "डाक्टर, पाट हाय, मादी. मायाक्कानं नाव ठिवलंय, पर घरी सांगू नका, रागावत्याल."

"काय ठेवलं?"

"म्याडम."

मी अर्थातच घरी सांगितलं. सुधा म्हणाली, "शाळेत पोरांनी ठेवलेल्या नावांपेक्षा फार बरं आहे." त्यानंतर धुळाप्पाचा वाडा कुठेही असो, फोनवर बातम्या यायच्या. म्याडमनं कुणाची तरी मेथी खाल्ली. म्याडम वाघ्याला भीत नाही. सुधा ऐकून विचारायची, "आणि चालचलणूक कशी आहे?"

मग मी निवृत्त झालो आणि आम्ही सांगलीला राहायला आलो. सुधाचं दुखणं थोडक्यात आटोपलं. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. हा अंक दिवाळीचा आहे, आणि तिला ते आवडलंही नसतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी घरात माणसं बसली होती. सगळे हळू बोलत होते, जसं अशा घरात बोलतात. माझा फोन वाजला. धुळाप्पा त्या वेळी मेंढरं घेऊन लांब उतरला होता, त्याला काही कळलेलं नव्हतं. मी उचलला आणि त्याचा आवाज नेहमीप्रमाणे साऱ्या खोलीला ऐकू गेला.

"डाक्टर! म्याडम व्याली!"

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. सुधाच्या थोरल्या बहिणीच्या हातातला चहा हिंदकळला. मी कोपऱ्यात तोंड वळवलं, आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं ते डॉक्टरांचं, "चाटलं का?"

"चाटलं म्हंजे? कोरडं करून टाकलं! एकटी व्याली, कुनाचा हात न्हाई लागला. तांबडी बाजूला हुबी ऱ्हाऊन बघत हुती, आज्जी झाली की. आन भंडारा ह्या बारीला मी माझ्याच डोस्क्यावर टाकला."

मागून मायाक्का म्हणाली, "म्या टाकायला लावला!"

मी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. मला ते थांबवताही येईना.

"आवं, घरच्या म्याडमला तेवढं सांगा," धुळाप्पा म्हणाला. "लय खूश हुत्याल."

"सांगतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

त्यांना खरं ते मी पुढे सांगितलं. दोघं सांगलीला येऊन भेटून गेली. पण त्या सकाळी सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून आधी खोलीतल्या माणसांना सांगावं लागलं. तांबडी, भंडारा, वाघ्या, मोतिया साडी, सगळं. सांगता सांगता थोरली बहीण हसायला लागली, मग बाकीचेही. त्या खोलीत सुधाचं नाव कितीतरी वेळ हसत हसत घेतलं जात होतं. माणसं जेवायला उठली तेव्हा मी मागे राहिलो. धुळाप्पाला कबूल केलं होतं, ते करायचं होतं.

कोश अजून म्हणतो, पंडितांचं ठरलेलं नाही. आमच्या घरात ठरलं. कोकरू, सुधा.